दोन वर्षांचा विसर आणि तीन आठवड्यांचा गोंधळ: आईच्या आजाराकडे कसं पाहायचं

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. आई ७४ वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब जुना. परळच्या चाळीतली खोली पुनर्विकासाला गेल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी त्यांना कांदिवलीला, नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात आणलं. गेली दोन वर्षं त्या विसरतायत: तोच प्रश्न दहा वेळा, गॅस चालू राहणं, भिशीचे पैसे दिले की नाही यावरून घोळ. पण गेल्या तीन आठवड्यांत सगळंच बिघडलं. रात्रभर जाग, दुपारी गुंगी, कामाच्या मावशींनी पैसे चोरले म्हणून आरडाओरडा, आणि दिवेलागण झाली की "मला घरी जायचंय" म्हणत दारापाशी उभ्या राहतात. चार महिन्यांपूर्वीच्या एमआरआयमध्ये मेंदू वयानुरूप आक्रसल्याचं आणि बारीक रक्तवाहिन्यांमुळे बदल झाल्याचं लिहिलंय. तेव्हाच स्मृतीसाठीची डोनेपेझिल ही गोळी सुरू झाली, दोन महिन्यांनी तिचा डोस ५ वरून १० मिलिग्रॅम झाला. मग लघवी आवरेना म्हणून महिन्याभरापूर्वी ऑक्सिब्युटिनिन आली, आणि रात्रीची झोप उडाल्यावर अल्प्राझोलाम. तुम्ही विचारताय: हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, की अल्झायमर? गोळीने थांबेल का? आणि भाऊ म्हणतो तसं "साठी बुद्धी नाठी" एवढंच तर नाही?

आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान इथे बसून करता येणार नाही. पण तुम्ही दिलेल्या तारखाच बरंच काही सांगतात. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक दोन वर्षांची, एक तीन आठवड्यांची. डिमेन्शिया सहसा तीन आठवड्यांत असा पालटत नाही. म्हणून आजाराचं नाव काय, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी शोधायचं ते हे: तीन आठवड्यांपूर्वी शरीरात, औषधांत किंवा घरात काय बदललं?

तापात माणूस बरळायला लागलं की जुनी माणसं "वात झाला" म्हणायची. वैद्यकात त्यालाच डिलिरियम म्हणतात. याची खूण विसरण्यापेक्षा लक्ष न टिकण्यात असते. काही तासांत किंवा दिवसांत सुरुवात होते, सकाळी बऱ्या, संध्याकाळी भ्रमिष्ट अशी वरखाली चालते, आणि जागेपणाच बदलतो: कधी अतिजागरूक, कधी गुंगीत. घरी करून पाहण्यासारखी एक चाचणी आहे. त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, शनिवारपासून रविवारपर्यंत. सुरुवातीच्या अल्झायमरमधला माणूस हे बऱ्याचदा सावकाश पण पूर्ण करतो. डिलिरियममध्ये तो दोन वारांनंतर भरकटतो, खिडकीकडे बघतो, दुसरंच काही बोलायला लागतो. ही चाचणी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा घ्या आणि निकाल तारखेसकट वहीत लिहा. सुस्त, शांत पडून राहणाऱ्या माणसालाही डिलिरियम असू शकतो, आणि तो हमखास निसटतो, कारण घरच्यांना त्रास होत नाही.

आता औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा. डॉक्टरांनी लिहिलेली, केमिस्टने दिलेली, शेजारच्या काकूंनी सांगितलेली, आयुर्वेदिक, डोळ्यांचे थेंब, सगळं. तुमच्या यादीत मला सर्वांत आधी खटकते ती डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिनची जोडी. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं, लक्ष आणि स्मृती त्यावर चालतात. डोनेपेझिल ते टिकवून धरते, ऑक्सिब्युटिनिन त्याचीच वाट अडवते. एका हाताने पाणी भरायचं आणि दुसऱ्या हाताने तोटी उघडी ठेवायची, असा हा प्रकार. शिवाय क्रम बघा: डोनेपेझिलचा डोस वाढल्यावर लघवीची घाई झाली. ती डोनेपेझिलचाच दुष्परिणाम असू शकते. म्हणजे एका गोळीचा त्रास नवा आजार समजून दुसरी गोळी आली, दुसरीने डोकं भरकटलं, झोप गेली, म्हणून तिसरी. ही साखळी फार सर्रास दिसते आणि ती कोणा एका डॉक्टरांच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक गोळी वेगळ्या दवाखान्यातून येते.

हीच वाट अडवणारी आणखी औषधं घरात असू शकतात: सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन, उदासीनतेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन, हातांच्या थरथरीसाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल. ती असतील तर तशी नोंद करा. अल्प्राझोलाम मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. रोज घेतलेली ही गोळी अचानक तोडली तर फिट येऊ शकते आणि भ्रम वाढतो. डॉक्टरांच्या सांगण्याने टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. ऑक्सिब्युटिनिनबद्दल ज्यांनी ती लिहिली त्यांना याच आठवड्यात फोन करा आणि साधं विचारा: "ही थांबवून चालेल का? आणि डोनेपेझिल परत ५ वर आणून लघवी सुधारते का बघूया का?" गरज पडलीच तर ॲसिटिलकोलीनला हात न लावणारी मिराबेग्रॉनसारखी गोळी असते, पण तिने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तोही मोजत राहावा लागतो.

औषधांखालोखाल सोडियम. आईंची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र आहे, असं तुम्ही लिहिलंय. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ बाहेर काढतं. म्हाताऱ्या माणसात, त्यातून जेवण कमी झालेलं असेल, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं आणि पहिलं लक्षण गोंधळ हेच असू शकतं. सामान्य पातळी १३५ ते १४५. १३०च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. १२५च्या खाली असेल तर बहुधा दाखल करूनच उपचार होतात, कारण ते फार वेगाने वर आणलं तर मेंदूला इजा होते. घरी मीठपाणी पाजून हा प्रश्न सोडवायचा नाही.

मग पोट आणि लघवी. शौचाला शेवटची कधी झाली, हे विचारायला लाजू नका. चार-पाच दिवस पोट साफ नसणं हे एकट्याने डिलिरियम करू शकतं, आणि ऑक्सिब्युटिनिन बद्धकोष्ठही करते. तीच गोळी लघवी तुंबवूही शकते. थेंबथेंब सतत लघवी होणं म्हणजे मूत्राशय भरून सांडतंय असं असू शकतं. लघवीनंतर सोनोग्राफीने आत किती उरली ते पाच मिनिटांत कळतं. लघवीच्या तपासणीत जंतू आले म्हणून लगेच सगळं त्यांच्या माथी मारू नका. या वयात त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं, नव्याने सुस्ती, यांपैकी काही सोबत असेल तर त्या अहवालाला वजन येतं. उलट, म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया असूनही ताप नसू शकतो. श्वास मिनिटाला २४च्या पुढे असेल तर छातीचा एक्स-रे सांगितला जातो, त्याला नको म्हणू नका.

आणि पडणं. नव्या घरात, नव्या संडासाच्या पायरीवर आई कधी घसरल्यात का? डोक्याला हलका मार लागूनही कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं, आणि गोंधळ आठवड्यांनी दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. एमआरआय चार महिन्यांपूर्वीचा आहे, म्हणजे या तीन आठवड्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. "स्कॅन तर झालंय" असं म्हणून हे टाळलं जातं. साधं सीटी स्कॅन पुरतं.

थांबू नये अशा खुणा: एका बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, उठवूनही न उठणं, फिट, ताप आणि थंडी वाजणं, पाणीही न पिणं, पडल्यानंतर वाढणारी डोकेदुखी किंवा उलटी, नाडी ५०च्या खाली, साखर ७०च्या खाली. यांपैकी काहीही दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता थेट आपत्कालीन विभागात जा.

हे सगळं सापडलं आणि सुधारलं तरी गोंधळ दुसऱ्या दिवशी जाणार नाही. त्याला आठवडे, कधी महिनेही लागतात. या काळात स्मृतीची चाचणी घेऊन "आजार एवढा वाढला" असा निष्कर्ष काढू नये, काढू देऊ नये. डिलिरियम ओसरल्यावर जे उरेल, ती तुमची दोन वर्षांची गोष्ट.

त्या गोष्टीकडे येऊ. डिमेन्शिया हे एका रोगाचं नाव नाही. ताप म्हटल्यावर मलेरिया की टायफॉइड हे विचारावं लागतं, तसंच इथेही. अल्झायमर हे त्यामागचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने वर्गीकरण बदललं तेव्हापासून या सगळ्या गटाला न्यूरोकॉग्निटिव्ह विकार म्हणतात, त्यात सौम्य आणि मोठा असे दोन टप्पे. दोन्हीत माणसाची बुद्धी त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या पातळीवरून घसरलेली असते. फरक एकाच प्रश्नात आहे: रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या मदतीशिवाय होतात का? जास्त वेळ घेऊन, चिठ्ठ्या लिहून, पण स्वतः करतात, तर सौम्य. कोणी सोबत असल्याशिवाय होत नाही, तर मोठा, म्हणजेच डिमेन्शिया.

यात स्मृती ही सहांपैकी एकच शाखा. बाकीच्या पाच: लक्ष, आखणी आणि निर्णय, भाषा, नजरेने जागा ओळखून हातांनी काम करणं, आणि माणसांशी वागण्याची जाण. म्हणून मी "विसरतात का?" एवढ्यावर थांबत नाही. मी विचारतो: गणपतीचा स्वयंपाक पूर्वी एकट्या करायच्या, आता उकडीच्या मोदकांची क्रिया मधेच तुटते का? भाजीवाल्याकडून उरलेले पैसे मोजून घेतात का? दादरला कुठल्या बाजूच्या पुलाने उतरायचं ते कळतं का? साडीच्या निऱ्या जमतात का? ओळखीच्या वस्तूला "ते हे" म्हणायला लागल्यात का? मयतीच्या घरी हसल्या, असं काही झालं का? प्रत्येक उत्तराशेजारी "पूर्वी कसं" आणि "कधीपासून" हे लिहा. डॉक्टरांच्या हाती यापेक्षा मोलाचा कागद दुसरा नसतो.

शिक्षणाचाही विचार करायला हवा. ३० गुणांची जी प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यात १०० मधून ७ वजा करत जाणं, वाक्य लिहिणं, आकृती काढणं असतं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला तिथे गुण कमी पडणारच. उलट बँकेत अधिकारी राहिलेला माणूस २८ गुण मिळवूनही आजारी असू शकतो. इंग्रजी तारीख न सांगता येणं हाही कमकुवत पुरावा. ज्यांचं वर्ष चतुर्थी, श्रावण आणि पितृपक्षाने मोजलं गेलं त्यांना परवा कोणता सण झाला ते विचारावं.

भावाच्या म्हणण्याचं उत्तर इथेच येतं. वयाने वेग कमी होतो, नाव पटकन आठवत नाही आणि तासाभराने आठवतं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं. चष्मा फ्रीजमध्ये सापडणं आणि तो आपण ठेवलाच नाही अशी खात्री असणं वयाचं नाही. आपल्या देशातल्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. वयाचीच गोष्ट असती तर उरलेले ९२ टक्के कसे सुटले असते? १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी ज्या बाईंच्या मेंदूचं वर्णन केलं, त्या रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या.

प्रकार ओळखण्यात घाई नको, पण दिशा कळते. अल्झायमरमध्ये ताजी घटना पुसली जाते आणि उतार सावकाश असतो. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात बऱ्याचदा पायऱ्या उतरल्यासारखं होतं: काही महिने स्थिर, मग एकदम खाली. त्यात चालणं आणि आखणी आधी बिघडते. आईंचा मधुमेह, रक्तदाब आणि एमआरआयमधले बारीक बदल बघता त्यांच्यात दोन्हींचं मिश्रण असणं मुळीच विशेष नाही. पन्नाशीतल्या माणसाचा स्वभावच बदलला, लाज गेली, गोड खाण्याची हाव सुटली आणि स्मृती मात्र शाबूत, तर कपाळाकडच्या भागाचा, फ्रंटोटेम्पोरल प्रकार मनात येतो. तुमच्या वर्णनात ते काही नाही.

चौथ्या प्रकाराबद्दल थोडं अधिक, कारण तिथे चूक महागात पडते. ल्युई बॉडीज या सूक्ष्म गाठींमुळे होणाऱ्या डिमेन्शियात माणसं, मुलं, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात. दिवसादिवसात फरक पडतो, चालणं पार्किन्सनसारखं आखडतं, आणि बरीच वर्षं आधीपासून झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं असतं. अशा माणसाला भ्रमासाठी हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर शरीर ताठ होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून आईंना काही दिसतं का, झोपेत झटापट करतात का, हे स्वतःहून सांगा. विचारलं जाईलच असं नाही.

एमआरआयच्या अहवालातले शब्द वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. "वयानुरूप आक्रसणे" हे निरोगी माणसाच्या अहवालातही असतं, आणि सुरुवातीच्या अल्झायमरमध्येही तेवढंच लिहिलेलं असू शकतं. एमआरआयचं मुख्य काम दुसरी कारणं शोधणं: गाठ, जुना पक्षाघात, साचलेलं रक्त, किंवा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगणं. हे शेवटचं असेल तर पाय जमिनीला चिकटल्यासारखं चालणं, लघवी न आवरणं आणि मंदपणा असं त्रिकूट दिसतं, आणि शस्त्रक्रियेने पाण्याला वाट करून दिली तर काहींना चांगला फरक पडतो. आईंची लघवीची तक्रार डोनेपेझिलनंतरची आहे, त्यामुळे माझा कल तिकडे नाही, पण चालण्यात बदल आहे का ते बघा.

रक्ततपासणीत हे असायला हवं: हिमोग्लोबिन आणि पेशी, सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, कॅल्शियम, साखर आणि तिची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइडची टीएसएच, बी १२ जीवनसत्त्व. सिफिलिस हा गुप्तरोग आणि एचआयव्ही यांची तपासणी सांगितली तर अपमान मानू नका, दोन्ही कारणं उपचार होण्याजोगी आहेत. बी १२बद्दल विशेष आग्रह धरेन. आई शाकाहारी, मेटफॉर्मिन सहा वर्षं, ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल रोज: ही तिन्ही बी १२ कमी करणारी. २००च्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. पण इंजेक्शनं सुरू केली की डिमेन्शिया जाईल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. कमतरता असेल तर ती भरून काढायची, म्हणजे एक ओझं कमी होतं. उदासीनतेचंही तसंच. चाळीतलं घर सुटलं, शेजार सुटला, याचं दुःख विसराळूपणाच्या वेशात येतं. "मला आठवतच नाही हो" असं स्वतः वारंवार सांगणाऱ्या माणसात हे आधी तपासावं.

गोळीने थांबेल का? नाही. डोनेपेझिल आजाराची चाल रोखत नाही, काहींना सहा महिने ते वर्षभर थोडं सावरून धरते. तिचं यश "सुधारल्या" असं दिसत नाही, "घसरल्या नाहीत" असं दिसतं, म्हणून घरच्यांची निराशा होते. ५ मिलिग्रॅमने सुरुवात, चार ते सहा आठवड्यांनी सोसली तर १०. मळमळ, जुलाब, वजन घटणं, भयंकर स्वप्नं आणि नाडी मंदावणं हे दुष्परिणाम. स्वप्नं पडत असतील तर रात्रीची गोळी सकाळी घेता येते. चक्कर येऊन पडल्या तर ईसीजी काढल्याशिवाय पुढची गोळी देऊ नका. पोटाला सोसत नसेल तर त्याच गटातल्या रिव्हास्टिग्मिनची अंगाला लावायची चिकटपट्टी मिळते, ४.६ मिलिग्रॅमने सुरू होते. ती लावताना जुनी काढायला विसरतात आणि अंगावर दोन-दोन पट्ट्या राहतात, हे धोक्याचं. मेमॅन्टिन ही वेगळ्या प्रकारची स्मृतीची गोळी मध्यम टप्प्यापासून, ५ ने सुरू करून दर आठवड्याला ५ वाढवत २० पर्यंत, मूत्रपिंड कमकुवत असेल तर कमी.

नव्या प्रतिपिंड इंजेक्शनांबद्दल नातेवाईक विचारतातच. लेकानेमॅबच्या अभ्यासात १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५चा होता. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, मेंदूत अमिलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन, असल्याचं सिद्ध करून, वारंवार एमआरआय करत देतात. मेंदूला सूज आणि रक्तस्राव हा त्यातला धोका. आत्ताच्या गोंधळात आईंसाठी हा विषयच नाही.

आता घरातलं. "पैसे चोरले" यामागे बहुधा असं असतं: पैसे लपवले, लपवल्याचं पुसलं गेलं, आणि रिकाम्या जागेचा अर्थ मेंदूने लावला. पुरावे देऊ नका. "अगं बाई, पैसे गेले? चल, आपण शोधूया" म्हणा आणि सापडण्याचं श्रेय त्यांना मिळू द्या. नेहमीच्या लपवण्याच्या जागा, उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागे, लक्षात ठेवा. दहा-वीसच्या नोटांचं एक पाकीट त्यांच्याजवळच असू द्या. आणि मावशींना बाजूला घेऊन हा आजार समजावून सांगा. त्यांच्यावर खोटा आळ येतोय, त्यांनाही मान आहे, आणि त्या सोडून गेल्या तर एक ओळखीचा चेहरा जाईल.

"घरी जायचंय" याला "हेच तुझं घर" हे उत्तर लागू पडत नाही. त्या कुठलं घर म्हणतायत? परळची खोली की कोकणातलं माहेर? विचारा, बोलू द्या: ओटीवर कोण बसायचं, विहिरीला पाणी किती. बऱ्याचदा त्या शब्दांचा अर्थ "मला इथे सुरक्षित वाटत नाही" असा असतो, किंवा लघवी लागलीय, भूक लागलीय, एवढाच. संध्याकाळी अंधार पडायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे लावा. खिडकीच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून माणूस आहे असं वाटतं, तेव्हा पडदे ओढा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चहा दुपारी तीनपर्यंतच, सकाळी तासभर खाली उजेडात बसवा. रात्री संडासाच्या वाटेवर झीरोचा दिवा आणि दाराला रंगीत पट्टी. पाणी दिवसभरात दीड लिटरच्या आसपास, हृदय-मूत्रपिंडाचं बंधन नसेल तर, आणि त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. कानातला मळ तपासून घ्या, चष्मा नाकावर आहे ना बघा. ऐकू न येणारा, न दिसणारा मेंदू उरलेल्या जागा कल्पनेने भरतो. जुन्या खोलीतला देव्हारा, रोजची खुर्ची, तीच चादर, भिंतीवरचं कालनिर्णय, यातलं जे आणता येईल ते नव्या खोलीत त्याच क्रमाने मांडा.

भ्रमासाठी रिस्पेरिडोन किंवा क्विटियापिन ही अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम शमवणाऱ्या गटातली, औषधं सुचवली गेली तर एवढं माहीत असू द्या: २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने डिमेन्शियाच्या रुग्णांत या गटाच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा दिला. कधीकधी ती द्यावीच लागतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा. मग सर्वांत कमी डोस, आणि ठरलेल्या तारखेला "अजून लागते का" हा प्रश्न. ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.

सुरक्षेत गॅस आणि दार ही दोन. रात्री रेग्युलेटरच बंद करा. दाराला नेहमीच्या उंचीच्या वर जास्तीची कडी लावा, पण आई आत एकट्या असताना बाहेरून कुलूप कधीही लावू नका, आग लागली तर सुटका नाही. वॉचमनला आईंचा फोटो आणि तुमचा नंबर द्या. ब्लाउजच्या आत शिवलेल्या कापडी पट्टीवर फोन नंबर लिहा, गळ्यातलं कार्ड त्या काढून टाकतील. निघून गेल्याच तर अर्धा तास स्वतः शोधण्यात घालवू नका, लगेच ११२ला कळवा आणि परळच्या जुन्या चाळीतल्या कोणालातरी फोन करा. पाय जुन्या वाटेला जातात.

पुनर्विकासाच्या करारावर खोली आईंच्या नावे असेल तर एक गोष्ट वेळेत करा. आपल्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की संपतं, १८७२च्या करार कायद्याच्या २०१व्या कलमानुसार. त्यामुळे "मुखत्यारपत्र करून ठेवलंय, बघू नंतर" याने भागत नाही. क्षमता पूर्ण गेल्यावर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, वेळ आणि पैसा दोन्ही जातात. डिलिरियम ओसरल्यावर, आईंना कळतंय अशा दिवशी, डॉक्टरांकडून त्या दिवसाच्या क्षमतेचं लेखी मत घेऊन मृत्युपत्र आणि बँकेचं संयुक्त खातं ही कामं वकिलाच्या सल्ल्याने उरका. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. आत्ताच्या गोंधळात मात्र कशावरही त्यांची सही घेऊ नका. ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे आणि पुढे टिकणारही नाही.

कुठे दाखवायचं, तर न्यूरोलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ, कोणाकडेही सुरुवात चालते. केईएम, नायर आणि सायन या महापालिका रुग्णालयांत न्यूरोलॉजी आणि मनोविकार दोन्ही विभाग आहेत. सकाळी लवकर केसपेपर काढा, सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी, वही आणि एमआरआयच्या फिल्म न्या. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाची मुंबई शाखा काळजीवाहकांसाठी काम करते. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७, आणि तुम्हाला स्वतःला बोलायची गरज वाटली तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी १४४१६.

ती गरज वाटेल. तीन आठवडे तुम्ही झोपलेल्या नाही, हे तुमच्या लिहिण्यातूनच कळतं. भावाला वाद घालून पटवू नका. येत्या शनिवारी संध्याकाळी सहापासून रविवारी सकाळी नऊपर्यंत आईंची जबाबदारी त्यांच्याकडे द्या, गोळ्यांची वेळ आणि आपत्कालीन खुणा लिहून द्या, आणि तुम्ही दुसऱ्या घरी जाऊन झोपा. सकाळी त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्या: किती वाजता उठल्या, काय म्हणाल्या, वार उलटे किती जमले. डॉक्टरांना दुसऱ्या माणसाचं निरीक्षण हवंच असतं.